हॉल खाली आहे

अमरावती, १४ जानेवारी २०२५

इनायत,

तिळगूळ पोस्टात टाकला तर वाटेत मुंग्या खातेत, म्हणून नुसतं गोड बोलून घेतो. परवा फोन लावला होता. मी म्हटलं, "बरा आहेस काय बे?" तू म्हणालास, "नाही, अजून जेवलो नाही." मंग ठरवलं, कागदच बरा. एक तू बहिरा झालास अन् दोघाइले मास्तर मेल्यावर पुन्हा शुद्धलेखन आलं.

गोठ मोठी आहे. आमच्या गल्लीतलं जुनं सूतिकागृह तुह्या डोळ्यासमोर असंल. दगडी, कमानीचं, कापसाच्या व्यापाऱ्याइनं वर्गणी करून बांधलेलं. अर्धी अमरावती तिथं पहिल्यांदा रडली. मी तिथला, तुही कुंदावहिनी तिथली. बंद पडून जमाना झाला, अन् आता ते पाडून दुकानाचे गाळे काढायचं घाटून राहिलं आहे. पुण्याच्या एका न्यासानं योजना काढली: जुनी इमारत लोकाइनं मिळून चालवायची, तिले नवं काम द्यायचं, दुरुस्तीचा पैसा न्यास देईन. आम्ही अर्ज टाकला. म्हाताऱ्या माणसाइले दिवसभर बसायले जागा, एक दवाखान्याची खोली, एक वाचायची. समितीत घ्यायची अट एकच, माणूस त्याच इमारतीत जन्मलेला पाहिजे. पंजाबराव वकील वलगावले मामाच्या घरी जन्मले, त्याइले बाहेर ठेवलं. रुसून बसले आहेत. म्हणतेत, "आईनं मले विचारलं असतं तर मी आलो असतो अमरावतीले."

न्यासाचं अनुदान वऱ्हाडात एकालेच भेटणार आहे. तो एक कोण, हे मी सांगू काय? बांबू खांद्यावर वाहून मंडपाचा धंदा उभा केला मी, कोणापुढं हात पसरला नाही. पण ह्या इमारतीसाठी पसरला. ही गेली तर मी जन्मलो कुठं हे दाखवायले मोबाईलच्या कव्हराचं दुकान राहीन.

तुमच्या अकोल्यात दाखवण्यासारखं काय आहे म्हणा, उन्हाशिवाय.

तुहा
गोपाळकृष्ण


अकोला, २९ जानेवारी

गोपाळ सेठ,

सलाम. पत्र वाचून आनंद झाला. सूतिकागृह वाचलंच पाहिजे. जिथं तू पहिल्यांदा तोंड उघडलंस अन् मंग बंदच केलं नाही, ती जागा जतन करण्यासारखी आहेच.

आता माही बातमी. त्याच न्यासाले आम्हीबी अर्ज टाकला आहे. रागावू नको. तुह्यापासून लपवलं नाही, तुहं पत्र येईपर्यंत ही योजना मलेच माहीत नव्हती. माह्या गादीच्या दुकानामागं जुनी कापसाची प्रेस आहे, जिथं रुईच्या गाठी बांधायचे. मोहल्ल्याच्या पंचायतीची जागा आहे. बायाइचं म्हणणं, तिथं शिवणकाम चालू करू, संध्याकाळी पोरी अभ्यास करतील. उन्हाळ्यात आमच्या टिनाच्या घरात दुपारी माणूस भाजून निघते, तिथं बसता तरी येईन. माही सून नईमा ह्या सगळ्याच्या पुढं आहे. मी सांगत गेलो, तिनं मराठीत लिहिलं. मी म्हटलं, उर्दूत नको, इंग्रजीत नको, पुण्याची माणसं आहेत, शुद्ध मराठीत जाऊ दे.

भेटलं तर भेटलं. तुले भेटलं तरी मी मिठाई वाटीन. तुले तर माहीत आहे, मले कोणाचं पाहून पोटात दुखत नाही. अल्लानं तो अवयवच दिला नाही.

तुहा
इनायत


अमरावती, २२ फेब्रुवारी

इनायत,

पत्र भेटलं होतं. उत्तराले उशीर झाला, लग्नसराई आहे.

छान केलंस. घोडा मी आणला, बँड मी आणला अन् नवरदेव होऊन तू बसलास. योजनेचं नाव वऱ्हाडात माह्या आधी कोणाले माहीत नव्हतं, हे लक्षात ठेवजो. पण असू दे. तुले अवयव नाही म्हणतोस, तर डॉक्टरले दाखवून घे. साऱ्या जगाले असते, तुलेच काहून नाही?

मागच्या आठवड्यात न्यासाच्या मुलाखती झाल्या. जागा आमचीच, शाळेचं पटांगण, अन् मंडप माहाच. तुह्याकडून नईमा आली होती. मस्त बोलली, तिले सांगजो. आमची झाली दुपारी. झाल्यावर मी कापडाच्या आडून दोऱ्या पाहत होतो. इनायत, मंडपवाल्याले कोणी माणूस समजत नाही. त्याच्या देखत नवरीचा बाप रडते, पुढारी पुढाऱ्याले शिव्या देते, अन् कोणी आवाज लहान करत नाही. तशा त्या रागिणीताई, पुण्याहून आलेल्या, निवड त्याइच्याच हातात आहे, चहा पीत आपल्या माणसाले म्हणाल्या, "सूतिकागृह सुंदर आहे, पण अकोल्याचं ते जमिनीखालचं दालन! पंचेचाळीस अंशांच्या शहरात भूमिगत गार हॉल! असं काही दुसरं नाहीच आपल्याकडे."

माह्या हातातली दोरी सुटली.

आता मी त्या प्रेसमध्ये तुह्यासंग शंभर वेळा आलो आहे. तिथं जमिनीखाली मले तरी उंदराचं बीळ सोडून काही दिसलं नव्हतं. तळघर काढलं काय रे तुम्ही? का आधीचंच होतं अन् मले दाखवलं नाही? अर्जात लिहिलं काय नेमकं? सहज विचारून राहिलो.

गोपाळकृष्ण


अकोला, ५ मार्च

गोपाळ,

रोजे चालू आहेत, म्हणून पत्र लहान.

तळघर? कोण्या गावचं तळघर? आमच्या काळ्या मातीत पायाच टिकत नाही, तळघर कोण खणते. तुले ऐकण्यात काही चुकलं. असं म्हणायची वेळ माह्यावर येईन असं वाटलं नव्हतं, पण कान आता तुहेबी पाहून घे.

अर्जात जे आहे तेच लिहिलं. नईमाले विचारून तेच शब्द उतरवतो: "समोरच्या दोन खोल्या पंचायतीच्या सामानाने भरलेल्या आहेत. मोठा हॉल खाली आहे. उन्हाळ्यात तेथे गार राहते." बस. याच्यात कुठं तळघर आलं? पुण्याच्या बाईले दगडाच्या भिंती पाहून वाटलं असंल काही. मोठी माणसं कायबी बोलतेत चहा पिताना.

कुंदावहिनीले सलाम. शिरखुर्म्याले दोघं या.

इनायत


अमरावती, ९ मार्च २०२५

श्रीमती रागिणीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

मी अमरावती येथील सूतिकागृह समितीचा अध्यक्ष. आपली मुलाखत उत्तम झाली. मंडपात पंख्याची हवा आपल्यापर्यंत पोचत नव्हती, त्याबद्दल क्षमस्व.

पत्रास कारण की, अकोल्याचे श्री. इनायतुल्ला हे माझे धामणगाव रेल्वे येथील शाळेपासूनचे मित्र असून अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्या अर्जाबद्दल कोणी शंका काढल्यास आपण विश्वास ठेवू नये. त्यांनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. प्रेसचा मोठा हॉल खाली आहे. मी स्वतः अनेकदा पाहिलेला आहे. मात्र आमच्या वऱ्हाडात एखादी जागा जशी खाली असते, अगदी तसाच तो खाली आहे. त्याहून जास्त नाही आणि कमी नाही. आपण भाषेच्या जाणकार आहात. सुज्ञांस अधिक काय सांगावे.

हे पत्र लिहिण्यात माझा काहीही हेतू नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

आपला नम्र
गोपाळकृष्ण


पुणे, १८ मार्च २०२५

श्री. गोपाळकृष्ण यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र वाचून खरोखर भारावून गेले. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण एका अर्जदाराने दुसऱ्या अर्जदाराची बाजू इतक्या मोकळ्या मनाने मांडलेली मी प्रथमच पाहिली.

खरं सांगते, अर्जासोबत फक्त बाहेरून काढलेले फोटो होते, त्यामुळे त्या भूमिगत दालनाबद्दल आमच्यातल्या एकदोघांना शंका होती. आपण ते स्वतः पाहिल्याचं लिहिलंत आणि ती शंका मिटली. "आमच्या वऱ्हाडात एखादी जागा जशी खाली असते" या आपल्या वाक्याने तर आमच्या वास्तुतज्ज्ञांचं कुतूहल चाळवलं आहे. जमिनीखाली दालनं बांधायची अशी पद्धतच त्या भागात होती, याची आम्हाला कल्पना नव्हती.

आजच्या घडीला अकोल्याचा अर्ज पहिल्या क्रमांकावर आहे. आपला दुसऱ्या. ईदनंतर मी प्रत्यक्ष पाहणीसाठी अकोल्याला जाणार आहे. आपल्यासारखा मित्र त्यांना लाभला, हे त्यांचं भाग्य.

कळावे,
रागिणी


अमरावती, २५ मार्च

इनायत,

ऐकलं ते खरं होतं. तुमची प्रेस पहिल्या नंबरावर आहे. आमचं सूतिकागृह दुसऱ्या. दुसऱ्याले काही नाही. बाई ईद झाल्यावर पाहणीले येऊन राहिल्या.

मुबारक.

पाच दिवस झाले, भाकर गोड लागत नाही. कुंदा म्हणते, पित्त झालं. पित्तावरचं औषध घेऊन पाहिलं. पित्त नाही ते. काल पंजाबराव गल्लीत भेटले, म्हणाले, "काय अध्यक्ष, कधी जन्माले येऊन राहिलं तुमचं सूतिकागृह?" मी हसलो. धंद्यात इतकी वर्षं हसलो त्याच्यातलंच एक हसू होतं, आतून काही लागत नाही त्याले.

बाई आल्या की खालचं सगळं नीट दाखवजो.

शिरखुर्म्याले जमत नाही. ऑर्डरी आहेत.

गोपाळकृष्ण


अकोला, १९ एप्रिल

गोपाळ,

बाई येऊन गेल्या. काय झालं ते पुरं सांगतो.

पारा असा की डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं. मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया हॉलमध्ये जमल्या. नईमानं सतरंज्या टाकल्या, सरबत ठेवलं. बाई आत आल्या, भिंतीले हात लावला, म्हणाल्या, "वा, इथेसुद्धा बरं वाटतंय." मंग इकडं तिकडं पाहिलं अन् मले म्हणाल्या, "आणि तो हॉल?"

मी म्हटलं, "हा काय, हाच."

"हा नव्हे. खालचा."

"हव, खाली."

"हो, पण दाखवा ना."

"दाखवूनच राहिलो बाई."

मंग त्या म्हणाल्या, "जिना कुठे आहे?" मले ऐकू आलं, जीना कठीण आहे. म्हटलं, "हो बाई, महागाई भलती वाढली." बाई घामाघूम. त्याइले वाटलं, म्हातारा टाळून राहिला. मंग मोबाईल काढला, माह्या कानापाशी तोंड आणलं अन् ओरडून म्हणाल्या, "अहो, लपवताय कशाला? तुमच्या मित्रांनीच लिहिलंय! गोपाळकृष्णरावांनी!" अन् तुहं पत्र त्याइनं मोठ्यानं वाचलं, मले ऐकू यावं म्हणून. प्रेसचा हॉल दगडी भिंतीचा, आवाज घुमते. तुहा एकएक शब्द दोनदोनदा ऐकू आला. "आमच्या वऱ्हाडात एखादी जागा जशी खाली असते, अगदी तसाच तो खाली आहे. त्याहून जास्त नाही आणि कमी नाही."

गोपाळ, त्या बाई पुण्याच्या. बाकी सगळ्या आमच्या होत्या.

मंग मागून एक म्हातारी म्हणाली, "अव माय, हा तं चुगली करून राहिला." अन् जो हशा उठला! बाई माह्याकडं पाहत, मी नईमाकडं पाहत. शेवटी नईमानं त्याइचा हात धरला, म्हणाली, "ताई, आमच्याकडं खाली म्हणजे रिकामं. हॉल रिकामा आहे, एवढंच लिहिलं होतं मी. तुम्ही त्याले जमिनीत नेलं." बाईचा चेहरा उतरला. सतरंजीवर बसल्या. खाली बसल्या, पुण्यावालं खाली.

सरबत पिऊन झाल्यावर मले विचारलं, हळूच, म्हणजे त्याइच्या मानानं हळूच, "मग गोपाळकृष्णरावांनी असं का लिहिलं?"

सगळ्या बाया माह्या तोंडाकडं पाहून राहिल्या. मी म्हटलं, "त्याइनं खरं तेच कळवलं बाई. हॉल रिकामा आहे, तळघर नाही. तुमची चूक तुम्हाले लागू नये असं लिहिलं. मित्र आहे माहा."

बाई म्हणाल्या, "किती सरळ माणूस." नईमानं ओढणी तोंडावर घेतली.

जाताना म्हणाल्या, अर्ज नव्याने तपासावे लागतील. भूमिगत हॉलचे जे गुण होते ते जातील.

मले त्याइच्याशी काही नाही. तुह्याशी एक बोलायचं आहे. तुले विचारायचं होतं तर मले विचारायचं. म्हणायचं, "इनायत, त्या बाईले गैरसमज झाला, तू सांगतोस का मी सांगू?" मी त्याच दिवशी पत्र टाकलं असतं. मी वऱ्हाडी आहे बे. तुही चिठ्ठी मले पहिल्याच ओळीत समजली.

इनायत


अमरावती, ११ मे

इनायत,

तुह्या पत्राले उत्तर म्हणून तीन कागद फाडले. पहिल्यात लिहिलं, मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. हॉल खाली नव्हता तर काय भरलेला होता? दुसऱ्यात लिहिलं, तुले भेटू नये असं माह्या मनात नव्हतं, मले भेटावं एवढंच होतं. ते वाचून पाहिलं. खोटं होतं. तुले भेटू नये असंच होतं. आम्हाले भेटलं नसतं तरी चाललं असतं, धामणगावले भेटलं असतं, यवतमाळले भेटलं असतं, मी दोन दिवस शिव्या देऊन जेवलो असतो. पण तुले, अन् तेबी मी सांगितलेल्या योजनेतून, अन् तुह्या त्या शांत तोंडावर! ते सहन झालं नाही. तिसरा कागद याच्यापेक्षा वाईट होता.

आता ऐक, अन् बसून ऐक. अनुदान आम्हाले भेटलं.

न्यासाचं पत्र आलं. त्यात लिहिलं आहे की दोन्ही अर्जाइत गुणाइचा फरक थोडाच राहिला होता, पण "स्पर्धेत असूनही निवड समितीच्या गैरसमजाकडे विनयाने लक्ष वेधणाऱ्या" अध्यक्षाच्या हाती इमारत सुरक्षित राहील, असं वाटलं. समितीसमोर हे मी स्वतः वाचलं. टाळ्या झाल्या. कुंदानं टाळी वाजवली नाही. तिनं तुहं पत्र वाचलं आहे.

मी बाईले फोन केला होता. खरंच केला. म्हटलं, ताई, त्या पत्राबद्दल थोडं सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, "काही बोलू नका, तुम्ही संकोचाल." मंग मी नाही बोललो. दुसऱ्यांदा लावता आला असता. नाही लावला. इनायत, ते सूतिकागृह आता पडत नाही. कमानीखाली गवंडी बसले आहेत, चुना भिजत पडला आहे, म्हाताऱ्या येऊन सांगून राहिल्या की माह्या बाळंतपणाचा नंबर ह्या खोलीत लागला होता. हे मी परत देणार नाही. तुह्या चांगुलपणावर भेटलं आहे, हे मले माहीत आहे, तरी देणार नाही.

तुले राग काढायचा असंल तर ये. फोन करू नको, तुले उत्तर ऐकू येत नाही अन् मले द्यायले जमणार नाही.

गोपाळकृष्ण


अकोला, २ जून

गोपाळ,

पेपर पाहिला. नईमानं आणून दिला. सूतिकागृहासमोर तू फेटा बांधून उभा, बाजूले रागिणीबाई, अन् खाली, म्हणजे फोटोच्या खाली, लिहिलं आहे, "मनाचा मोठेपणा." मी पेपर घडी करून ठेवला. मंग पुन्हा उघडला. मंग पुन्हा.

राग नाही. रागाची मले ओळख आहे, तो येते अन् अस्रच्या नमाजापर्यंत जाते. हे वेगळं आहे. प्रेसच्या बाजूनं जातो तर मान वळवतो. नईमा म्हणते, अब्बा, पुढच्या वर्षी पुन्हा टाकू, अन् यावेळी मी "रिकामा" लिहीन, तर मी तिच्यावरच खेकसलो. बाया हॉलमध्ये दुपारी बसायले लागल्या आहेत, आपापली मशीन घेऊन, पैशाची वाट न पाहता, छपरातून ऊन येते तिथं चादर बांधली आहे. आनंद व्हायले पाहिजे. माह्या डोळ्यासमोर तुमचा चुना येते.

कालची गोठ. गिऱ्हाईक आलं, अमरावतीचं. गादी भरून पाहिजे होती. बोलता बोलता म्हणालं, आमच्याकडं ते गोपाळकृष्ण मंडपवाले, काय माणूस आहे! मी त्याले रुई ओली निघाली म्हणून सांगितलं अन् परत पाठवलं. रुई सुकी होती, गोपाळ. चाळीस वर्षाच्या दुकानात मी पहिलं गिऱ्हाईक परत पाठवलं.

म्हणजे तो अवयव मलेबी होता. इतके दिवस खाली होता, एवढंच.

आता तुलेच विचारतो, कारण ह्या विषयात तुह्याइतका अनुभव वऱ्हाडात दुसऱ्या कोणाले नाही. शाळेपासून तू हे पोटात घेऊन फिरून राहिला. हे असताना माणसानं जेवायचं कसं, झोपायचं कसं, अन् ज्याच्यावर जळतो त्याले पत्र लिहिताना हात सरळ कसा ठेवायचा, ते सविस्तर कळवजो.

तुहाच
इनायत